वर्नाताईच्या चार अक्रोडांच्या विक्रीबाबत

मुक्काम शेतावरच, उत्तर मिसूरी
ऑक्टोबर, रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय, आणि वयाने मोठी असल्यामुळे आदरणीय, वर्नाताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेत खुबा कमी दुखतो असं तू लिहितेस, वाचून बरं वाटलं. (गेल्या पत्रात त्याच हवेने नाकातून रक्त येतं असं लिहिलं होतंस. एकूण माणसाने कोणता अवयव वाचवायचा ते ठरवून हवा निवडावी असं दिसतं.) माझा नवा डावा गुडघा उत्तम आहे. तो उरलेल्या माझ्यापेक्षा जास्त टिकेल असं डॉक्टर म्हणाले. त्यावर आनंद मानायचा की काय करायचं हे माझं अजून ठरलेलं नाही. सोयाबीन घरात आलं, मका अर्धा उभा आहे. ड्यूक आता ठार बहिरा झालाय, त्यामुळे कोणी आलं तरी भुंकत नाही, आणि कोणी नसताना मात्र खबरदारी म्हणून भुंकून घेतो. शेजारच्या ओपल हॅचरने तुला आठवण सांगितली आहे. ती हल्ली रोज इकडे येते. तुझ्या मनात जे आलं ते काढून टाक. ती मला धाकात ठेवायला येते, आणि तू गेल्यापासून ते काम तिच्याकडेच आहे.

आता मुद्द्याचं. झाडं विकायला वसंतात सांगितलं होतं, पानगळ आली तरी विकली कशी नाहीत, हा तुझा प्रश्न रास्त आहे. बाबांनी जमीन मला दिली आणि ओढ्याकाठचे चार अक्रोड तुला. मुलाला काम द्यावं आणि मुलीला सावली, असं ते म्हणायचे. त्यामुळे झाडं तुझी, आणि त्यांची गळलेली पानं, हात काळे करणारी सालं आणि त्यांच्या मुळांपाशी कधीच न उगवणारं सोयाबीन एवढं माझं, अशी ही वाटणी गेली कित्येक वर्षं मी विनातक्रार पाळली आहे. तुझ्या लेकीने, लोर्नाने, तुझ्यासाठी शोधलेल्या त्या वृद्धनिवासात तुझ्या नावाची खोली फक्त नव्या वर्षापर्यंत धरून ठेवणार, तोवर अनामत भरायची, अनामतीसाठी झाडं विकायची, आणि मग तू तिथे कायमची राहणार, हे सगळं मला नीट कळलेलं आहे. तू पाठवलेलं रंगीत माहितीपत्रक फ्रिजच्या दारावर लावलंय. (तलावात पोहणाऱ्या त्या आजीबाईंना इतके दात कुठून आले हे ओपलला आणि मला दोघांनाही पडलेलं कोडं आहे.) तेव्हा माझ्याकडून ढिलाई झाली असं कृपा करून मनात आणू नकोस. झाडांचं काही अडलं नव्हतं. अडलं ते विक्रीचं, आणि ते कसं, हे क्रमाने सांगतो.

मे महिन्यात एक अनोळखी माणूस दारात आला. त्याची पिकअप धुतलेली होती. मे महिन्यातल्या आपल्या चिखलात धुतलेली पिकअप दिसली तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, पण त्याने आधी ड्यूकचं कौतुक केलं, मग कोठाराचं, मग हवेचं, आणि तोवर मी त्याला कॉफी ओतलीसुद्धा. मग म्हणाला, ओढ्याकाठची ती चार जुनाट झाडं तुमच्या ट्रॅक्टरच्या आड येत असतील, मी काढून नेतो, वर चार पैसेही देतो. आम्ही खाली गेलो. त्याने बोटांच्या पेरांनी खोडावर टकटक केलं, कान लावला, आणि डॉक्टर घरच्यांना बाजूला घेतात तसा चेहरा करून म्हणाला, "आतून पोकळ आहेत हो." मला वाईट वाटलं. तुला कसं कळवायचं याचा मी विचार करत होतो आणि हात पुढे करणारच होतो, इतक्यात बरणी परत द्यायला आलेली ओपल मागून म्हणाली, "डेल्मर, पोकळ लाकडासाठी कोणी इतक्या लांब गाडी घेऊन येतं का?" त्या माणसाला एकदम दुसरीकडे जायचं असल्याचं आठवलं. कॉफीही अर्धी टाकून गेला.

मग ओपलच्या सांगण्यावरून मी वनखात्याच्या मिस टिबेट्सना बोलावलं. तरुण आहेत, उंच आहेत, आणि झाडाकडे इतका वेळ वर बघत राहतात की आपलीच मान दुखायला लागते. त्यांनी फीत गुंडाळून सगळ्या झाडांची मापं घेतली. तीन चांगली आहेत म्हणाल्या. चौथं, ते वळणापाशी आहे ना, सरळसोट, खूप वरपर्यंत एकही फांदी नसलेलं, त्याच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज चर्चमध्ये असल्यासारखा खाली गेला. तसल्या खोडाचे म्हणे कागदासारखे पातळ पापुद्रे सोलतात आणि श्रीमंतांच्या कपाटांवर चिकटवतात. म्हणजे तुझं झाड उद्या कुठल्यातरी वकिलाच्या भिंतीवर पसरून बसणार. त्यांनी रीत समजावून सांगितली. जाणत्या व्यापाऱ्यांना कळवायचं, एक दिवस ठरवून सगळ्यांना झाडं दाखवायची, प्रत्येकाने आपली बोली बंद लिफाफ्यात द्यायची आणि सगळ्यांसमोर लिफाफे फोडायचे. विकायच्या झाडांवर त्यांनी निळा ठिपका मारला. जाताना म्हणाल्या, "मिस्टर लँकफर्ड, एवढंच करा, कोणाला बोलू नका. अक्रोडचोर फिरत असतात, बघता बघता झाड आडवं करून नेतात." मी शब्द दिला. फक्त धान्याच्या दुकानात सकाळच्या कॉफीला जे नेहमीचे बसतात त्यांना सांगितलं, तेही खाजगीत. दुपारी न्हाव्याच्या बायकोने मला रस्त्यात गाठून विचारलं की नवी गाडी कोणत्या रंगाची घेणार.

आता मला चोरांची काळजी लागली, आणि मिसूरीतला कोणताही सावध माणूस जे करेल ते मी केलं. तू गेल्यानंतर इथे एक कायदा आला, म्हणून सांगतो. हल्ली 'आत येऊ नये' अशी पाटी लावावी लागत नाही. कुंपणाच्या खांबांवर जांभळा पट्टा मारला की त्याचा अर्थ तोच, आणि तरीही आत पाऊल टाकलं तर शेरीफ येतो. कायदा शहाणपणाचा आहे. पाट्यांवर पोरं बंदुकीचा नेम धरतात, गुरं त्या चघळतात. रंगाला कोणी काही करत नाही. दुकानात रंग स्वस्तात लागला होता, मी हात राखला नाही. रस्त्याकडेचे सगळे खांब, फाटकाचे दोन्ही खांब, खुद्द फाटक, पुलाचा कठडा आणि टपालपेटी. रंग उरला. उरलेला रंग वाळू देणं आपल्या घरात पाप आहे हे तू जाणतेसच, तेव्हा तुतीच्या झाडाला, पाण्याच्या टाकीच्या पायांना, आणि ओपलच्या आणि आपल्या सामाईक कुंपणाला हात मारून घेतला. सामाईक कुंपणाबद्दल ती अजून घुश्शात आहे.

झाडं दाखवायचा शनिवार उजाडला. मिस टिबेट्सना दुसऱ्या गावी काम निघालं, पण व्यापाऱ्यांना सगळ्यांना कळवलेलं होतं. ओपलने आपल्याच अक्रोडांचे दोन केक करून ठेवले. मी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि ओसरीवर बसलो. पहिली पिकअप फाटकाशी आली, थांबली. चालवणाऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, आपल्याकडे नमस्काराला उचलतात तसं. मीही बोट उचललं. तो गाडी मागे घेऊन निघून गेला. घाईत असेल म्हटलं. दुसराही आला, बोट उचललं, गेला. मग लाकूडगिरणीवाला गिंगरिच आला, आमिश पंथाचा, त्यांच्यात मोटार चालत नाही म्हणून घोडागाडीतून. घोड्याला आत यायचं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. गिंगरिचने हॅट काढली, फाटकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हॅट घातली आणि घोडा वळवला. संध्याकाळपर्यंत अर्ध्या राज्यातल्या लाकूडवाल्यांना मी बसल्या जागेवरून बोट उचलून दाखवलं, आणि एकानेही फाटक ओलांडलं नाही. मी आपला निष्कर्ष काढला की हल्लीचे तज्ज्ञ झाड रस्त्यावरूनच ओळखतात. दोन्ही केक मी आणि ड्यूकने खाल्ले.

त्या आठवड्यात गॅसवाला टाकी भरायला आला नाही. मीटर बघणारा आला नाही. पाद्रीबाबा भेटीला आले आणि फाटकावरूनच वळले. रविवारच्या प्रार्थनेत त्यांनी, जे आपल्यापासून दूर गेले आहेत त्यांच्यासाठी, असं म्हणून माझं नाव घेतलं, आणि मी तिथे तिसऱ्या बाकावर बसलो होतो. शेवटी ओपलच आली, ओढ्याच्या बाजूने, कारण तिथे माझा रंग संपला होता. बूट हातात, गुडघ्यापर्यंत भिजलेली. म्हणाली, "डेल्मर, तू स्वतःच्या फाटकाला जांभळा रंग दिलायस." मी म्हटलं, हो, चोरांसाठी. ती म्हणाली, "अरे, कायदा पाळत नाहीत म्हणून तर त्यांना चोर म्हणायचं. जे पाळतात ते सगळे शनिवारी परत गेले."

तो रंग निघत नाही, ताई. त्यावर पांढरा दिला तर सकाळच्या दवाने खालचा वर येतो आणि खांब फिकट जांभळे दिसतात. फिकट जांभळ्याचाही अर्थ तोच का, हे विचारायला मी शेरीफच्या कचेरीत फोन केला. तिथल्या मुलीने "जरा थांबा हं काका" म्हणून फोन बाजूला ठेवला, आणि मग तिने तो प्रश्न मोठ्याने सगळ्या कचेरीला विचारलेला मला ऐकू आला. उत्तर काही मिळालं नाही, हसणं मिळालं. शेवटी खाद्याच्या पोत्यावर मोठ्या अक्षरांत 'अक्रोडवाल्यांनी आत यावे' असं लिहून फाटकावर टांगलं. (हे आमंत्रण चोरांनाही लागू पडतं, असं ओपलने दाखवून दिलं. मी तिला सांगितलं की एका वेळी एकच चूक काढावी.)

दुसऱ्या खेपेला मात्र सगळे आत आले. मिस टिबेट्स होत्या, गिंगरिच होता, शहरातला एक फर्निचरवाला होता, आणि पापुद्र्यांच्या कारखान्याचा हार्म्स होता. हार्म्सकडे धातू शोधायचं यंत्र होतं. घराजवळच्या झाडाला ही मंडळी बिचकतात, कारण खोडात एखादा जुना खिळा असला तर करवतीचं पातं जातं, आणि बाबांच्या हातात हातोडी आली की समोर काय आहे हे ते बघत नसत. हार्म्सने पहिल्या झाडाशी यंत्र धरलं, ते वाजलं. दुसऱ्याशी धरलं, वाजलं. वळणावरच्या सरळसोट झाडाशी तर ते थांबेचना. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. मालकाच्या वतीने हजर राहणं माझं कर्तव्य होतं. हार्म्सने विचारलं, "काय काय ठोकलंय हो यांत?" प्रामाणिक माणसाने काय करावं? मी आठवेल ते सगळं सांगितलं. तुझ्या झोपाळ्याच्या कड्या, मिठाची पेटी अडकवायचा आकडा, घोड्याचे नाल, बाबांनी डुक्कर टांगायला मारलेली सळई. तुझ्या लग्नातल्या पलंगाची स्प्रिंगसुद्धा डावीकडच्या झाडात असण्याची शक्यता मी नाकारली नाही. हार्म्स लिहीत गेला. मिस टिबेट्सच्या तोंडचं पाणी पळालं. लिहिण्यासाठी हार्म्सने यंत्र खाली सोडलं, झाडापासून चांगलं लांब, तरी ते वाजतच राहिलं. त्याने ते सावकाश माझ्याकडे वळवलं, आणि मग माझ्या गुडघ्याकडे.

मला कुंपणापाशी जाऊन उभं राहायला सांगण्यात आलं. मी गेल्यावर यंत्र गप्प झालं. चारही झाडं स्वच्छ निघाली. बाबांनी जे काही ठोकलं ते बहुतेक तुतीत ठोकलं असावं. एवढ्या वर्षांच्या धंद्यात विकणाऱ्यातच लोखंड निघाल्याचं आपण पहिल्यांदा पाहिलं, असं हार्म्स म्हणाला. पण पलंगाची स्प्रिंग त्याने खोडली नाही. मालकिणीच्या सख्ख्या भावाने सांगितली म्हणजे काहीतरी असेल, असं त्याचं म्हणणं.

लिफाफे फोडायचं गेल्या गुरुवारी दुपारी ठरलं, आपल्या स्वयंपाकघरात. चौघं आली, शिवाय पाद्रीबाबा आले. (मी पुन्हा कळपात आल्याचं त्यांना बघायचं होतं, असं ते म्हणाले. ओपलचा केक आहे हे त्यांना माहीत होतं.) लिफाफे आईच्या सूपच्या भांड्यात ठेवले होते. आता खाणं पुढे असताना पैशाचं बोलत नाहीत, ही आपली पद्धत, आणि ताटलीतला शेवटचा तुकडा कोणी घेत नाही, हीही आपलीच पद्धत. केक एका तुकड्यावर येऊन थांबला. हार्म्स म्हणाला, माझं झालं, आणि त्यातला निम्मा कापून घेतला. गिंगरिचने उरलेल्याचा निम्मा घेतला. पाद्रीबाबा म्हणाले, छे छे, मला नको, आणि त्याचा निम्मा घेतला. मिस टिबेट्स शिकलेल्या आहेत, त्या तरी खाऊन टाकतील असं वाटलं होतं, पण त्या शेजारच्याच तालुक्यातल्या निघाल्या. फर्निचरवाल्याने इतका पातळ काप काढला की त्यातून खिडकी दिसावी, आणि ओपल म्हणाली, आता याला म्हणतात पापुद्रा. तोवर हवेचं बोलून झालं, मक्याचं झालं, कोणाच्या पित्ताशयाचं झालं. गिंगरिचच्या गायींची धार काढायची वेळ आली. मग निरोप. तुला माहीतच आहे, आपल्याकडे निरोप एकदा टेबलाशी, एकदा दाराशी, एकदा ओसरीवर आणि एकदा गाडीच्या खिडकीशी घेतात, आणि खिडकीशी घेतलेला सगळ्यात लांबतो. सगळे गेल्यावर मी आत येऊन बघतो तर सूपच्या भांड्यात लिफाफे जसेच्या तसे. ताटलीत तो केकचा कण.

तर अशी परिस्थिती आहे. यात कोणाचा दोष काढता येईल असं मला वाटत नाही. पुन्हा सगळ्यांना एकत्र आणायचं तर मक्याची कापणी आडवी येणार, मग हरणांच्या शिकारीचे दिवस, त्यात कोणी धंद्याचं बोलत नाही, मग थँक्सगिव्हिंग, मग बर्फ. नव्या वर्षापर्यंत जमेल असं छातीठोक सांगवत नाही. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं म्हणून इतकं सविस्तर लिहिलं. तब्येतीला जप. लोर्नाला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
डेल्मर

ता. क. हे पत्र टाकायला देताना ओपलने ते वाचलं (मी देत नव्हतो) आणि हे अर्धंच आहे म्हणाली. तेव्हा उरलेलं अर्धं. शुक्रवारी सकाळी मिस टिबेट्सनी सगळ्यांना फोन केले, त्यांची संमती घेतली आणि आमच्यासमोर लिफाफे फोडले. केक नव्हता, त्यामुळे पटकन झालं. हार्म्सची बोली सगळ्यात मोठी आहे, पलंगाची स्प्रिंग धरूनसुद्धा. त्यात तुझी अनामत भागते आणि वर बरंच उरतं. माणूस सरळ आहे. जमीन गोठली की झाडं काढायला येईल. त्याला फक्त तुझा होकार हवा आहे.

आणखी ता. क. ओपलचं म्हणणं असं की मिसूरीत राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही जांभळा रंग कळतो, आणि व्यापाऱ्यांना बोलावलेल्या आठवड्यात जो माणूस स्वतःच्या फाटकाला तो लावतो त्याला विकायचं नसतं. "तू गुप्तहेरांच्या कादंबऱ्या फार वाचतेस," असं मी तिला सुनावलं. मग कोठारात जाऊन थोडा वेळ बसलो. रंगवताना माझ्या मनात तसं काही नव्हतं, पण ती म्हणते ते खरं आहे.

तिसरा ता. क. झाडं विक, ताई. ती तुझी आहेत आणि भाव चांगला आला आहे. पण पैसे घेऊन तिथे राहू नकोस, इकडे ये. तिथे तलाव आहे तर इथे ओढा आहे. तिथे खुर्चीत बसून व्यायाम करून घ्यायला बाई आहे, इथे ओपल आहे. खालची खोली रिकामी आहे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय (थोडा तिरका बसलाय, पण घट्ट आहे). तू गेल्यापासून तुझ्या खुर्चीवर मी वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवतो, कारण ती रिकामी दिसली की मला जेवण जात नाही. मला तू इथे हवी आहेस. असं कोणी कोणाला लिहिण्याची आपल्या घरात रीत नाही, म्हणून इतक्या खाली लिहिलं.

शेवटचा ता. क. एवढं सांगूनही तुला तिथेच राहायचं असेल तर होकार मला कळवू नकोस, मी तो पुढे पोचवणार नाही. थेट हार्म्सला लिही. त्याचा पत्ता या पत्रात मुद्दामच दिलेला नाही.